धक्क्यावर दुरुस्तीलाही जागा हवी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या बोटीच्या दोरखंडाला कोणीतरी एक कागद बांधून ठेवला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून. पावसात भिजू नये एवढी काळजी घेतली होती, हे मान्य करते. इंग्रजीत चार ओळी होत्या. अर्थ असा, की या धक्क्यावर बोटींची दुरुस्ती करायला मनाई आहे, तुमच्या बोटीवर इंजिनं उघडलेली दिसतात, आठ दिवसांत काम बंद करून बोट इथून हलवावी. पप्पांनी कागद वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "इंजिन उघडलेली बोट हलवायची कशी, ते खाली लिहिलेलं नाही."

मी साहित्याची विद्यार्थिनी. मंडळाच्या ई-अंकासाठी माझ्याकडून एखाद्या कादंबरीवर वगैरे काही येईल अशी संपादकांची अपेक्षा असणार. पण गेले दोन महिने माझ्या नखांतलं काळं तेल गेलेलं नाही आणि डोक्यातही तोच विषय आहे, तेव्हा त्यावरच लिहिते. माझं म्हणणं साधं आहे. बोटी जिथे बांधतात तिथे त्यांची इंजिनं दुरुस्त करायलाही जागा हवी. नवे धक्के, मरीना वगैरे व्हायचं ते होवो, पण तिथून पाना-पकडीला हाकलून लावलं तर जुन्या बोटी आणि त्यांच्यावर पोट असलेली माणसं दोन्ही पाण्यावरून उठतील.

मरीना हा शब्द आपल्याकडे अजून जास्त करून वर्तमानपत्रातच भेटतो. भारतात मरीना म्हणून ज्याचं नाव घेतात ते कोचीच्या बोलगट्टी बेटावरचं. आपल्या इथे झुवारीकाठी नावशीला मरीना करायचा बेत पुढे आला तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला आणि तो वाद कित्येक वर्षं चालला. मला मच्छीमारांची बाजू पटते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. आमची बोट मांडवीवर ज्या धक्क्याला असते तो मरीनाचा धाकटा भाऊ म्हणावा असा आहे. तरंगते पाँटून, बोटीपर्यंत वीज आणि पाण्याचा नळ, फाटकावर रखवालदार. भाडं भरलं की वर्षभर बोट बांधून ठेवता येते. आम्हाला हे सगळं आवडलं होतं, नाही असं नाही. विजेची सोय होती म्हणूनच रात्री इंजिनाशेजारी दिवा लावून काम करता आलं.

बोट ३४ फुटी, फायबरची, दोन इंजिनांची. इंजिनं माझ्यापेक्षा वयाने मोठी. मूळची ट्रकची, समुद्रासाठी बदलून घेतलेली. आपल्या किनाऱ्यावर अशी इंजिनं पुष्कळ आहेत. पप्पांनी बोट दुसऱ्याकडून घेतली, त्याने तिसऱ्याकडून घेतली होती. आमचं घर मूळचं वेंगुर्ल्याकडचं. आजोबा होडीवाले, पप्पा पर्यटकांना डॉल्फिन दाखवणारे. मी काय होणार ते अजून ठरायचंय, पण माझी कॉलेजची फी या दोन इंजिनांनी भरली, एवढं नक्की.

पावसाळ्यात मांडवीचं मुख खवळतं, बाहेर जाता येत नाही. ट्रॉलर आणि यांत्रिक मच्छीमार बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. त्यामुळे सगळ्यांची दुरुस्ती एकाच वेळी निघते. बोट पाण्यावर ओढून घ्यायच्या जागा थोड्या, तिथे ट्रॉलरांची रांग, भाडं दिवसावर. लहान बोटवाला काय करणार? तो धक्क्यावरच ताडपत्री टाकतो आणि फळ्या उचलून खाली उतरतो. कागद बांधणाऱ्यांनी हे एकदा बघायला हवं होतं. जून-जुलैमध्ये धक्क्यावर दुरुस्ती चालते ती कोणी बेशिस्त असतं म्हणून नव्हे. वर्षातले तेवढेच दिवस असतात.

आता बिघाड काय होता ते सांगते, कारण त्यावाचून माझं म्हणणं नुसतं भाषण होईल.

मे महिन्याच्या शेवटी डावं इंजिन तापायला लागलं. तापमानाचा काटा चढायच्या आधीच पप्पांना ते आवाजावरून कळलं. आमच्यासारख्या बोटीत मागच्या बाजूने धुराबरोबर पाणीही बाहेर पडत असतं, थुंकल्यासारखं. ते पाणी कमी झालं की आवाज कोरडा होतो. ट्रकच्या इंजिनाला रेडिएटर असतो, समोरून वारा मिळतो. बोटीच्या पोटात वारा कुठला? म्हणून इंजिनाच्या आत गोडं पाणी फिरवतात आणि ते थंड करायला बाहेरचं खारं पाणी ओढून घेतात. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. पितळी नळ्यांचं एक जुडगं असतं, त्याच्या आतून खारं जातं, बाहेरून गोडं. खारं पाणी ओढणारा पंप म्हणजे पितळेच्या डबीत फिरणारं रबराचं फूल. त्याला इंपेलर म्हणतात. हे रबर पाण्यावाचून अर्धा मिनिट फिरलं तरी त्याचं नुकसान सुरू होतं.

पंप कुठे बसवावा हे ज्याने ठरवलं त्याने तो पुन्हा कधी उघडावा लागेल असा विचार केला नसावा. तो इंजिनाच्या मागे, बोटीच्या कुशीला चिकटून. मिस्त्रींचा हात जाईना. मिस्त्री सत्तरीतले, तरुणपणी तारवटी, जहाजाच्या इंजिन रूममध्ये आयुष्य गेलेलं. पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, "बाय, तूं वयर बस, कपडे म्हेळे जातले." तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. चार स्क्रू, डोळे मिटून, बोटांनी चाचपत काढले. एक खाली पडला तो अजून बोटीच्या तळात कुठेतरी आहे.

इंपेलरला १२ पाती असायला हवी होती. ९ होती.

मला वाटलं, झालं, नवीन आणायचं आणि बसवायचं. पप्पांनाही तसंच वाटलं. मिस्त्री बसून राहिले. तीन पाती गेली कुठे, हा त्यांचा प्रश्न. तुटलेलं रबर पाण्याबरोबर पुढे जातं आणि कुठेतरी अडकतं. ते शोधलं नाही तर नव्या पंपानेही इंजिन तापणारच, आणि भर समुद्रात वीस माणसं बसलेली असताना तापणार. दोन पाती पहिल्याच पाइपाच्या वळणात सापडली. तिसऱ्यासाठी दोन दिवस गेले. शेवटी नळ्यांच्या जुडग्याचं झाकण काढलं तेव्हा ते नळ्यांच्या तोंडावर आडवं बसलेलं. त्याच्याबरोबर आणखी दोन जुने, कडक झालेले तुकडे निघाले, ते आमच्या इंपेलरचे नव्हतेच. म्हणजे आधीच्या कुठल्यातरी मालकाने नुसतं नवीन फूल बसवून वेळ मारून नेली होती. आणि पंप कोरडा पडला कशाने? पाणी ओढायच्या तोंडाशी जी जाळी असते तिच्यावर दुधाची रिकामी पिशवी घट्ट बसली होती. नदी आमच्यामुळे घाण होते असं त्या कागदाच्या दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं. असो.

उजव्या इंजिनाचं दुखणं वेगळं. चालू करताना पांढरा धूर, आणि एक सिलिंडर साथ देत नव्हता. कुठला? मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल केला. चांगला सिलिंडर असेल तर तेवढ्याने इंजिन अडखळतं. जिथे आवाज बदलला नाही, तो मेलेला. (हे कोणी घरी करून बघू नका. त्या पाइपातलं डिझेल इतक्या दाबाचं असतं की बारीक फवारा कातडीच्या आत शिरतो आणि हात गमवायची वेळ येते. मिस्त्री फडकं धरूनच बसले होते आणि मला चार हात लांब उभं केलं होतं.) आता दोष नोझलचा की आतल्या पिस्टन-रिंगांचा? रिंगा असतील तर हजारोंचा खर्च. त्यांनी ते नोझल काढून डाव्या इंजिनात बसवलं आणि डाव्यातलं उजव्यात. दोन्ही चालू केली. बिघाड डावीकडे गेला. म्हणजे नोझलच. "दुसरें इंजिन तेंच आमचें पुस्तक," मिस्त्री म्हणाले.

हे मी एवढं लांबण लावून सांगतेय ते कौतुकासाठी नाही. वरच्या सगळ्या गोष्टी बोट पाण्यात, धक्क्याला बांधलेली असतानाच कळल्या. पाणी ओढलं जातंय की नाही ते पाण्यातच दिसणार. इंजिन दमतंय कुठे ते गिअर टाकून, दोर ताणून धरून, पंखा पाण्यात फिरवूनच कळणार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कपलिंग. इंजिन आणि पंख्याचा दांडा जिथे जोडलेले असतात तिथे दोन चकत्या एकमेकींना अगदी समांतर बसाव्या लागतात. ढोबळ नियम असा, की चकतीच्या प्रत्येक इंच व्यासामागे इंचाच्या एक हजारांश भागाहून जास्त फरक नको. आमची चकती ५ इंची, म्हणजे फरक इंचाच्या ५ हजारांशाच्या आत. पोस्टकार्ड त्याहून जाड असतं. ते मापायला पात्यांचं एक छोटं पुस्तक असतं, फीलर गेज नावाचं. आणि हे माप बोट जमिनीवर असताना घेऊन चालत नाही. जमिनीवर लाकडांवर टेकलेली बोट जरा वेगळ्या आकाराची असते. पाण्यात सोडली की तिचं अंग सैलावतं. म्हणून जाणकार माणसं बोट पाण्यात सोडल्यावर दिवसभर थांबतात आणि मग मापतात.

तेव्हा "दुरुस्ती करायची तर बोट बाहेर काढून कारखान्यात न्या" असं जे साळसूदपणे सांगितलं जातं, त्याला माझं पहिलं उत्तर हे आहे, की इंजिनाची निम्मी दुरुस्ती बाहेर काढलेल्या बोटीवर होतच नाही.

यावरून हम्फ्री डेव्हीची गोष्ट आठवते. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत, आणि खाऱ्या पाण्याने ते झिजत. १८२४ मध्ये डेव्हीने सांगितलं की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा, तो झिजेल आणि तांबं वाचेल. खरंच वाचलं. पण प्रयोगशाळेत न दिसलेली एक गोष्ट समुद्रात दिसली. तांबं थोडं थोडं झिजत होतं म्हणूनच त्याच्या विषाने शिंपले-शेवाळ दूर राहत होतं. झिजणं थांबलं तसे जहाजांच्या तळाला शिंपल्यांचे थर बसले आणि जहाजं संथ झाली. डेव्हीची कल्पना मात्र वाया गेली नाही. आमच्या बोटीच्या दांड्यावर जस्ताचा गोळा आहे, नळ्यांच्या जुडग्यात पेन्सिलीएवढी जस्ताची कांडी आहे. आम्ही काढली तेव्हा तिचं पेन्सिलीचं टोक उरलं होतं.

आता दुसरी बाजू. ती नुसती म्हणायला म्हणून सांगत नाही, कारण त्यात आमचीही चूक आहे. कागद यायच्या चार दिवस आधी आमच्या बोटीतून तेल नदीत गेलं. बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा एक पंप असतो, पाणी वाढलं की आपोआप चालू होणारा. डाव्या इंजिनाचं तेल काढताना थोडं सांडलं, रात्री पाऊस जोराचा झाला, ताडपत्रीतून पाणी आत आलं आणि पंपाने आपलं काम केलं. सकाळी पाण्यावर रंगीत तवंग. शेजारच्या बोटीवरच्या पोराने भांडी घासायचा साबण ओतला. तवंग गेला, आम्हाला बरं वाटलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की साबणाने तेल जात नाही, त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खाली पसरतं आणि मग कोणालाच गोळा करता येत नाही. म्हणजे आम्ही घाण साफ केली नव्हती, नजरेआड केली होती. मला त्या दिवसाची लाज वाटते. धक्क्याच्या व्यवस्थापनाचा राग चुकीच्या जागी नव्हता.

पण त्यावर उपाय काय? आम्ही दुसऱ्या दिवसापासून तळातल्या पंपाची आपोआप चालणारी कळ बंद ठेवली आणि पाणी हाताने, बघून, डब्यात उपसलं. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे सरकवला. जुनं तेल कॅनमध्ये भरलं. आणि मग ते कॅन घेऊन आम्ही धक्काभर फिरलो, कारण ते टाकायचं कुठे हे कोणालाच माहीत नव्हतं. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं, ते कुठेही ओतता येत नाही. धक्क्यावर विजेची सोय आहे, सीसीटीव्ही आहे, सेल्फी काढायला एक नांगर रंगवून ठेवलाय. जुन्या तेलासाठी एक पिंप नाही. शेवटी पप्पांनी ते स्कूटरवरून ओळखीच्या गॅरेजमध्ये नेऊन दिलं, तिथे तेल गोळा करणारा येतो. मनाईचा कागद छापायला जेवढा खर्च आला असेल त्याच्या थोडा वर एक पिंप आलं असतं. मनाई केल्याने दुरुस्ती थांबत नाही, ती रात्री होते. आणि रात्री, घाईत, चोरून केलेल्या कामात तेल जास्त सांडतं.

सगळीच कामं धक्क्यावर चालू द्या असंही मी म्हणत नाही. बोटीचा तळ खरवडणं आणि रंगवणं तिथे नकोच. तो रंग शिंपल्यांना मारण्यासाठीच केलेला असतो, त्याची पूड नदीत कशाला? वेल्डिंग तर बिलकूल नको. फायबरच्या बोटी एकमेकींना चिकटून उभ्या, खाली डिझेलची वाफ, एक ठिणगी पुरे. ही कामं बाहेर काढलेल्या बोटीवरच व्हावीत आणि त्यासाठी बोट ओढायची सोय लहान माणसाला परवडेल अशी हवी. पण पंप, नोझल, फिल्टर, कपलिंग, बेल्ट, वायरिंग यांना धक्क्यावर बंदी घालणं म्हणजे माणसाला घरात ताप मापायलाही मनाई करण्यासारखं आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा वेळ ठरवा, ट्रे सक्तीचा करा, आग विझवायचं सिलिंडर जवळ ठेवायला लावा, तेल सांडलं तर दंड करा. आम्ही भरू.

घरातही या विषयावर शांतता नव्हती. दादा दोहाला असतो. त्याचं मत, की ही दोन्ही इंजिनं भंगारात द्यावीत आणि कर्ज काढून मागे टांगायची दोन नवी घ्यावीत. नवीन हलकी, आवाज कमी, धूर जवळजवळ नाही, गिऱ्हाईकाला आवडतात. "पप्पा पंचावन्नचे झाले, अजून किती वर्षं खाली वाकून काम करणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पप्पांची पाठ मीही बघते. दादाला मी एवढंच म्हटलं, की आधी उघडून बघू, मग भंगार म्हणू. ब्लॉकला तडा असता, रिंगा-लायनर दोन्हीकडे गेले असते, तर मीच म्हटलं असतं, दे. जुनं आहे म्हणून सांभाळायचं, हे मला पटत नाही. पण रबराचं एक फूल आणि एक नोझल एवढ्याशा दोषासाठी पाच वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं? आणि नव्या इंजिनात बिघाड झाला तर ते उघडायला कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो. मिस्त्रींना त्यातलं काही उघडता येत नाही, पप्पांना नाही, मला तर नाहीच.

मिस्त्रींच्या हाताखाली आज कोणी नाही. त्यांचा मुलगा परदेशात. पण आम्ही काम करत होतो त्या दिवसांत धक्क्यावर कोण ना कोण येऊन उभं राहायचंच. शेजारच्या बोटीवरचा तो साबणवाला मुलगा रोज यायचा, पाने हातात द्यायचा, चौथ्या दिवशी त्याने न सांगता बरोबर १३ चा पाना दिला. अशीच विद्या पुढे जाते, दुसरी शाळा नाही तिला. काम फाटकाबाहेर कुठल्या बंद शेडमध्ये गेलं तर हा मुलगा तिथे कशाला जाईल?

मी सगळं वहीत लिहून ठेवत होते. मराठीत. सुरुवातीला अडलं, कारण "वायसर", "नोझल", "सेल्फ" असले शब्द आमच्या प्रमाणभाषेच्या तासाला चालत नाहीत. नंतर लक्षात आलं की न चालणारी वही माझी आहे, मीच चालवायची. वर्गातल्या काहीजणांना हे खूळ वाटलं. त्यांना एक आठवण करून देते. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्यातून १९२० साली "किर्लोस्कर खबर" निघालं. कारखान्याचं, यंत्रांचं, नांगर-पंपांचं ते पत्रक. त्याचंच पुढे मराठीतलं एक मोठं मासिक झालं, कथा-लेखांचं. म्हणजे आपण ज्याला वाङ्मय म्हणतो त्याचा एक मोठा वाटा लोखंडाच्या भुशातून आलाय. आपल्या मंडळाच्या अंकात नोझलवर चार ओळी आल्या तर मराठी बाटणार नाही.

त्या वहीचा उपयोग लगेच झाला. पप्पांनी कागदाला उत्तर लिहायला सांगितलं. मी "गरीब माणसांवर अन्याय" वगैरे काही लिहिलं नाही. कुठल्या तारखेला काय उघडलं, काय सापडलं, कुठलं काम पाण्यातच का करावं लागतं, तेल सांडलं ते कसं आणि नंतर आम्ही काय बदललं, हे सगळं दोन पानांत. वर मराठीत, खाली इंग्रजीत. साबणाची गोष्टही लिहिली. पप्पा म्हणाले ती नको, आपल्यावरच उलटेल. मी ठेवली. लेखी उत्तर आलं नाही. पण आठव्या दिवशी तिथले एक साहेब स्वतः बोटीवर आले, ताडपत्रीखाली वाकून ट्रे बघितला, कॅन बघितले आणि "जुलै संपेपर्यंत करा" म्हणून गेले. तोंडी. तोंडी शब्दावर पुढच्या जूनमध्ये बोट बांधून ठेवता येत नाही, आणि दुसऱ्या बोटवाल्यांना तर तो शब्दही मिळालेला नाही. आमच्या पलीकडच्या बोटीचं काम त्या आठवड्यात अर्धवट थांबलं, ती अजून तशीच आहे.

दोन्ही इंजिनं जुलैच्या तिसऱ्या रविवारी, मिसा आटोपून आल्यावर, एकत्र चालू केली. मागून पाणी दोन्हीकडे सारखं थुंकायला लागलं. डाव्या इंजिनाला सकाळी थोडा निळा धूर येतो, म्हणजे तेल जळतंय. मिस्त्री म्हणतात रिंगा, पण हा मोसम निघेल.

व्यवस्थापनाला आता एक रीतसर अर्ज द्यायचा आहे: जुन्या तेलाचं पिंप, कामाची ठरलेली वेळ, आणि कुठली दुरुस्ती चालेल, कुठली नाही याची लेखी यादी. आपल्या मंडळातल्या निदान चौघांच्या घरी बोटी आहेत हे मला माहीत आहे. अर्जाचा मसुदा मंडळाच्या खोलीत कपाटावरच्या निळ्या फाइलीत ठेवला आहे. घरी नेऊन वाचून दाखवा, काही राहिलं असेल तर त्यातच पेन्सिलीने लिहा. पुढच्या शनिवारी सह्या घेऊन मी तो देणार आहे.